नवव्या फर्म्यातली झुंबर

हमीद, झुंबर परत आली नव्हती.

हे मला बारा वर्षांपासून माहीत होतं. आणि ही बारा वर्षं दर रविवारी तुझ्या बाइंडिंगच्या दुकानातल्या त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून, तुझाच चहा पिऊन, मी तुझ्याशी खोटं बोललो. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. तू समोर होतास तोवर सांगायची छाती झाली नाही आणि आता सांगायला बसलोय. माझ्या शौर्याची ही तऱ्हा तुला नवीन नाही.

हे माझ्या घरातलं कुणी वाचेल तर त्यांना झुंबर पाठ आहे. पण परक्याच्या हाती पडलं तर तो बुचकळ्यात पडायचा, म्हणून थोडं सांगतो. तू जरा दम धर. मी गोष्ट सांगायला लागलो की तू दाभणात दोरा ओवायला घ्यायचास, तसा घे.

'सात कुलपांचा डोह' नावाची सहा भागांची कादंबरी होती. जमिनीखालून वाहणारी नदी, तिच्यावर सात कुलपं, एकेका कुलपामागं एकेक राज्य. किल्ल्या सांभाळणाऱ्या कुलूपदाराला स्वतःचा चेहरा नाही, तो कुणाचाही चेहरा लावून येतो. राजपुत्राचं नाव सुलोचन आणि सहा भागांत त्याला समोरची एक गोष्ट वेळेवर दिसली नाही. त्याला नदीतून नेणारी नावाडीण म्हणजे झुंबर. परतूरच्या त्या शाळकरी वयात आपण दोघंही तिच्यावर मरत होतो. तू कबूल करायचास, मी सुलोचनची काळजी वाटते असं सांगायचो. चौथ्या भागात, तिसऱ्या कुलपापाशी झुंबर बुडते. सुलोचन एक अख्खं प्रकरण रडतो. आणि पुढच्या प्रकरणात झुंबर नावेत बसून जाळं विणत असते! भाजलेला हुरडा त्याच्या ओंजळीत घालते आणि म्हणते, "उशीर केलास. बस." तोही बसतो. तू मेलीस ना गं, असं एका शब्दानं विचारत नाही. त्याच्या पुढच्या प्रकरणात ती पुन्हा नाहीच.

सहाव्या भागात पाचवं कुलूप उघडतं आणि तिथंच सगळं थांबतं. पुढचे भाग आलेच नाहीत. लेखक वारला, की कंटाळला, कोण जाणे. पहिली पानं आणि अनुक्रमणिका गळून गेलेली, त्यामुळं त्याचं नावही आपल्याला कधी कळलं नाही. उरलेली दोन कुलपं त्यानं आपल्या दोघांच्या गळ्यात टाकली आणि आपण ती चाळीस वर्षं खडखडवत बसलो.

तुझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. झुंबर खरंच परत आली. जी दुसऱ्यांना पार करते तिला पाणी ठेवून घेत नाही. माझं म्हणणं, तो कुलूपदार होता, तिचा चेहरा लावून आलेला. माझ्याकडं पुरावे होते. ती एकदाही सुलोचनचं नाव घेत नाही. ती हसत नाही. आधी तिचा पदर पिवळा होता, इथं हिरवा आहे.

"अन हुरडा?" तू म्हणायचास. "कुलूपदार ऱ्हातो पाण्याखाली. हुरडा भाजला कुठं त्यानं? पाण्यात आगटी पेटवली का?"

"जादूनं भाजला."

"जादूच करायची तर हुरडा कशाला देईन? बासुंदी देईन की!"

जुळ्या बहिणीची कल्पना मी मधे एकदा काढली होती, ती तू एका रविवारात निकालात काढलीस. कपड्याची घडी मोडावी तसा तू पुस्तकातला पुरावा मोडायचास, हात न थांबवता, तोंडात दोरा धरून. माझी पोरगी पुण्याहून आली होती तेव्हा म्हणाली, "बाबा, काका, याला फॅन थिअरी म्हणतात. जगभर लोक हेच करतात." तू चष्मा वर केलास. "जगभर? मंग तिसऱ्या कुलपाचं काय ठरलं त्यांचं?"

मी मात्र आपलं भांडण घरोघरी नेलं. बारशाला, साखरपुड्याला, जागा मिळेल तिथं पोरं गोळा करून मी झुंबर सांगायचो. ऐकणारं पोरगं रडकं असलं तर झुंबर वाचायची, दांडगं असलं तर कुलूपदार निघायचा. आमची सुमन लोकांना सांगते, "ह्यांची झुंबर आजवर सतरा येळा मेली. एकदा तर जेवणाची पंगत बसली म्हणून घाईत मारली."

आता मुद्द्यावर येतो. आलोच.

वाचनालयानं ते सहा भाग तुमच्या दुकानात बांधायला दिले तेव्हा आपण नववीत होतो. तुझे अब्बा लग्नाला मानवतला गेल्ते. जाताना त्यांनी तुला बजावलं होतं की कशाला हात लावू नको, आणि एवढ्यावरच तू ठरवलंस की सगळं आपण बांधायचं. तुझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम. मी आष्टीहून येऊन परतुरात खोली करून राहायचो, मला घरची ओढ आणि कामाचा कंटाळा दोन्ही सारखेच, म्हणून मी तुझा मदतनीस. खळ शिजवायला दिलीस, ती मी करपवली. मग तू मला फर्मे लावायला बसवलंस. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, अशा घड्या एकावर एक ठेवायच्या आणि मग शिवायच्या. त्या लेखकाचं प्रकरणही बरोबर सोळा पानांचं असायचं, एक फर्मा एक प्रकरण, त्याला ना नाव ना क्रमांक. शेंबडं पोरगंही लावेल असं काम होतं.

पण ते फर्मे म्हणजे झुंबर होती, हमीद. मी लावता लावता वाचत होतो. चौथ्या भागातला एक फर्मा मी गठ्ठ्यातून काढला आणि पायरीवर उन्हात नेऊन वाचला. आतून तू ओरडलास, "दत्त्या, वाचून राह्यला का लावून राह्यला? जल्दी दे!" मी पळत आलो आणि फर्मा गठ्ठ्यात खुपसला. कुठं खुपसला ते मी पाहिलं नाही.

तू शिवलंस. शिकंज्यात आवळलंस. आणि पहिलाच हात असल्यामुळं कडा कापताना खालून इतकं कापलंस की सगळ्या पानांचे आकडे गेले. वाचनालयाचे काका पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "पानांचे आकडे कुठं गेले रे?" तू म्हणालास, "उंदरानं खाल्ले." अब्बा परत आले, त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "शिलाई बराबर हाय." त्या तीन शब्दांवर तू आयुष्यभर जगलास. वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा तू ते सहा भाग उचलून आणलेस आणि दुकानात अब्बांच्या फोटोखाली ठेवलेस. कुणीही आलं की चौथा भाग काढून पाठ दाबून दाखवायचास.

बारा वर्षांपूर्वी नसीमभाभी गेल्या. त्यानंतर तू दुकान उघडायचास, पण काम नुसतं पुढ्यात असायचं. मी एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर, जालन्याहून रविवारी यायचो, बसायचो. मला सांत्वन करता येत नाही. मी विनोद करतो, आणि तेव्हा तेही येईनात.

त्यातच एका शनिवारी प्लांटवरून येताना रद्दीच्या दुकानात मला 'सात कुलपांचा डोह'चा चौथा भाग दिसला. दुसरी प्रत! मुखपृष्ठ नव्हतं, पण वरच्याच पानावर नाव होतं आणि खाली आकडा. मला इतका आनंद झाला की मी ती उघडलीही नाही. म्हटलं, हमीदसमोरच उघडू, दोघं मिळून ताडून पाहू, निदान भांडायला तरी उठेल हा. रविवारी गाडीत बसलो. आणि माझा स्वभाव तुला माहीतच आहे. रांजणी स्टेशन यायच्या आत मी पुस्तक उघडलं होतं.

नवव्या प्रकरणात झुंबर नावेत बसून जाळं विणते, हुरडा देते, "उशीर केलास. बस." म्हणते. दहाव्यात ती बुडते. अकराव्यात सुलोचन रडतो. बाराव्यात ती नाही, कारण ती मेली आहे.

मी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. मग मला ती पायरी आठवली, ऊन आठवलं, तुझं ओरडणं आठवलं. मी नववा फर्मा अकराव्यानंतर खुपसला होता. तीस वर्षांच्या आपल्या भांडणाचं मूळ एवढंच. त्यात कुलूपदार नव्हता, जुळी बहीण नव्हती आणि परत येणंही नव्हतं. एका आळशी पोराला वाचताना मधेच उठवलं होतं, बस्.

परतूरला उतरून दुकानात आलो तर तू आपला चौथा भाग मांडीवर घेऊन बसला होतास. मला बस म्हणायच्या आधी म्हणालास, "दत्तू, इतकी वर्षं वाचलं पर ध्यानात नव्हतं आलं. झुंबर परत आल्यावर काय म्हणती? 'उशीर केलास' म्हणती. म्हंजी तिला बी वाट बघावी लागली. आपण हिकडं रडून राह्यलो, अन ती तिकडं जाळं विणत बसली का ह्यो कवा येईन."

माझ्या पिशवीत ते पुस्तक होतं. पिशवी मी स्टुलाखाली पायानं सारली.

"मला पटलं," मी म्हणालो. "ती झुंबरच. कुलूपदार न्हाई."

तू पुस्तक मिटलंस. "तीस वर्षं भांडला अन आज पटलं? बिमार हाय का तू?" आणि मग हसलास. भाभी गेल्यानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, मी तुला काहीतरी दिलं. बायकोला न कळता एखाद्यानं दानधर्म करावा तसा मी त्या दिवशी फुगून परत गेलो. पुस्तक प्लांटवरच्या कपाटात, बियाण्याच्या नमुन्यांच्या पाकिटांखाली ठेवून दिलं. बियाण्याला लावायच्या औषधाची गुलाबी भुकटी त्याच्या कडांवर बसली आहे. बारा वर्षं ते तिथंच होतं.

पुढं मी ठरवून हरत राहिलो. कधी थोडं भांडायचो, तुला संशय येऊ नये म्हणून. तू पहिल्यासारखं जोरात भांडत नाहीस हे मला दिसायचं, मी ते वयावर घालायचो. पदराच्या रंगावर तू नुसतं "असंन" म्हणायचास.

या हिवाळ्यात तुझा श्वास पुरेनासा झाला. रुखसाना, तुझी लेक, दुकान सांभाळत होती आणि तू मागच्या खोलीत गादीवर बसून हलकी कामं करायचास. मी आलो तेव्हा तुझ्या मांडीवर चौथा भाग होता, उसवलेला. फर्मे पसरलेले.

"हे काय काढलंस?"

"शिलाई ढिल्ली झालती. पुन्यांदा बांधून राह्यलो."

आता याला कळणार, असं वाटलं. तू एकेक फर्मा उचलत होतास, कोपऱ्यात पेन्सिलीनं काही लिहीत होतास, दम लागला की थांबत होतास. मी हात पुढं केला तर म्हणालास, "तू न्हाई. तुझा हात लागला का पुस्तकं बिघडत्यात." मी हसलो. मला तो विनोद वाटला, हमीद. खरंच विनोद वाटला.

मग तू विचारलंस, "दत्तू, एक इचारू? झुंबरचं तुला मनातून पटलं हाय का?"

सांगायला जागा होती. खोलीत कुणी नव्हतं. तू विचारलं होतंस. आणि मी म्हणालो, "मनातून."

तू मान हलवलीस आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलंस. त्यानंतर आपण पाच-सहा वेळा भेटलो, पण झुंबरचा विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही.

तुझ्या मातीला मी आलो होतो. डोक्याला बांधायला खिशात जो रुमाल निघाला तो सुमनचा, फुलाफुलांचा. तो बांधून मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. तुला दिसलो असतो तर ती मंडळी थांबवून तू मला दोन शब्द ऐकवले असतेस. तीन मुठी माती टाकताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच, एकच घोकत होतो, की मी सांगितलं नाही.

परवाच्या रविवारी सवयीनं गाडीत बसलो. या वेळी कपाटातली प्रत पिशवीत होती. का घेतली ते धड माहीत नव्हतं, निदान तुझ्या फोटोसमोर तरी कबूल करू, असं काहीसं. रुखसाना कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट बांधत होती. मला पाहून उठली, हात धुतले आणि तुझ्या अब्बांच्या फोटोखालून चौथा भाग काढून माझ्या हातात दिला. नवं निळं कापड, तुझी शेवटची शिलाई.

"अब्बानं सांगितल्तं, हे चाचाला द्यायचं."

मी आधी पाठ दाबून पाहिली. शिलाई बराबर आहे, हमीद. मग भीत भीत उघडलं. तू क्रम सुधारला असशील, झुंबर आपल्या जागी गेली असेल आणि माझी चोरी तुला कळली असेल, असं धरून चाललो होतो. प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात तुझ्या हातचा बारीक पेन्सिलीचा आकडा होता. सात. आठ. दहा. अकरा. आणि अकरानंतर, जिथं झुंबर नावेत बसून जाळं विणते, तिथं स्वच्छ नऊ. पुढं बारा.

मी ते पान रुखसानापुढं धरलं.

"हो चाचा," ती म्हणाली, "तो तिथला न्हाईच. मी काम शिकत होते तवाच अब्बानं दाखवल्तं. हे बघा कसरीचं भोक, बांधायच्या आधीचं. आठमधून निघालं ते दहात जात न्हाई, मधे तुटतं. नववा तिथं ठेवला का बराबर जुळतं. म्हणायचे, आकडे नसले तर कसरीला इचारायचं."

"काम शिकत होतीस तेव्हा? म्हणजे भाभी होत्या तेव्हा?"

"अम्मीच तर खळ शिजवून देत होती."

म्हणजे तू माझ्या आधीपासून जाणत होतास. भाभी जायच्या आधी. मी पिशवी स्टुलाखाली सारून "मला पटलं" म्हणालो तेव्हाही. तू मला खोटं हरताना पाहत होतास, आणि हसलास ते त्यावर. आणि 'उशीर केलास' म्हणजे तिलाही वाट बघावी लागली, हे म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं की ते वाक्य झुंबर बुडायच्या आधी म्हणते. माहीत असून तू ते म्हणालास. मी चाळीस वर्षं पुरावे गोळा करणारा माणूस, आणि तुझा एवढा मोठा पुरावा मला एका रविवारीही दिसला नाही. सुलोचन बरा.

"मग सरळ का नाही केलं त्यानं?" मी विचारलं. "आता उसवलंच होतं तर?"

रुखसाना थोडी हसली. डोळे भरलेले होते, पण हसली. "मी बी म्हणलं. तर म्हणाले, ह्यो फर्मा तुझ्या चाचानं लावल्याला हाय. आख्ख्या जिंदगीत तेवढंच एक काम केलं त्यानं हातानं. ऱ्हाऊ दे तिथंच."

मी त्या डुगडुगत्या स्टुलावर बसलो. तिनं पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन मी पिशवीतून माझी प्रत काढली. तिनं कडांवरची गुलाबी भुकटी बोटानं पुसली, पानं चाळली, आकडे पाहिले. तिला सगळं कळलं असावं, तुझीच लेक आहे.

"हे बांधायचंय, बेटा," मी म्हणालो. "नववा फर्मा अकरानंतर."

"चाचा, चुकीचं होईन ते."

"तसंच पाहिजे."

"आकडे दिसत्यात ह्याच्यात."

"कापता येतील?"

तिनं पट्टी लावून पाहिली. "येतीन. पुस्तक जरा गिड्डं होईन. अब्बाच्यावाणी."

आणि तिनं तिथंच दाभणानं जुनी शिलाई तोडली, बारा घड्या सुट्ट्या करून पाटावर मांडल्या आणि नववी उचलून माझ्या हातात दिली. "फर्मा तुमीच लावा."

मोह झाला, हमीद. वरच्याच पानावर झुंबर नावेत बसली होती. पण या वेळी वाचला नाही. दोन्ही हातांनी धरला, अकरावा कोणता ते नीट पाहिलं आणि त्याच्यानंतर, अगदी बराबर, चुकीच्या जागी लावला.